देवडी आणि वाडा : केडलस्टन ते कोलकाता

डर्बी शहरातून वायव्येला चारेक मैल गेले की रस्त्याच्या कडेला एक दरवाजा लागतो. मधोमध उंच दगडी कमान, तिच्यावर त्रिकोणी माथा आणि दोन्ही अंगांना एकेक बुटकी खोली. ही केडलस्टन हॉलची उत्तरेकडची गेट लॉज. आपल्यापैकी बरेच जण मंडळाच्या सहलीला किंवा घरच्या पाहुण्यांना घेऊन चॅट्सवर्थला हमखास जातात. तिथून तासाभराच्या अंतरात असलेल्या केडलस्टनकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. आपल्या इतिहासाशी चॅट्सवर्थपेक्षा या घराचा संबंध कितीतरी जवळचा आहे, म्हणून या अंकासाठी हा विषय घेतला.

गेट लॉजला मराठी शब्द शोधायला लांब जावे लागत नाही. देवडी. वाड्याच्या दरवाजाला लागून पहारेकऱ्यांची जी जागा असते ती. पुण्याला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत शिरताना दोन्ही बाजूंना ज्या पहाऱ्याच्या जागा दिसतात, त्या आठवाव्यात. पण शब्द एक असला तरी काम वेगळे. दिल्ली दरवाजाला हत्तीने धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत, आणि आत शिरल्यावर वाट सरळ न जाता वळते. तो दरवाजा अडवण्यासाठी आहे. केडलस्टनच्या देवडीला असे कोणाचेही भय नव्हते. १७६० साली डर्बीशायरच्या कुरणांवर कोण चाल करून येणार होते? हा दरवाजा पाहण्यासाठी बांधलेला आहे. घर इथून दिसत नाही. पण घर केवढे असेल, मालक कोण असेल, त्याने रोम पाहिले आहे की नाही, हे सगळे कमान सांगून टाकते.

अशा जोडदेवड्यांची एक गंमत सांगायला हवी. अभिजात वास्तुकलेत डावी आणि उजवी बाजू सारखी असावीच लागते. त्यामुळे दरवाजाच्या एका अंगाला खोली काढली की दुसऱ्या अंगालाही तशीच काढणे आले. मग राखणदाराचे कुटुंब दोहोंत विभागले जाई. इंग्लंडात कित्येक ठिकाणी ही माणसे रस्त्याच्या एका बाजूला स्वयंपाक करीत आणि दुसऱ्या बाजूला झोपत. पावसात, थंडीत, कडेवर मूल घेऊन मधला रस्ता ओलांडायचा. कारण काय, तर धन्याच्या दरवाजाला तोल हवा. या शैलीचे सौंदर्य मला मनापासून आवडते, पण ते कोणाच्या सोयीने उभे राहिले हे देवडीत जितके स्पष्ट दिसते तितके दिवाणखान्यात दिसत नाही.

ही देवडी रॉबर्ट अॅडम या स्कॉटिश वास्तुविशारदाची. अॅडम १७५८ च्या सुरुवातीला इटलीतून परतला तेव्हा तिशीचा होता आणि रोमच्या अवशेषांनी अगदी झपाटलेला होता. त्याच वर्षी नॅथॅनिएल कर्झन या तरुण जमीनदाराच्या हाती केडलस्टनची इस्टेट आली. जुने घर पाडून नवे बांधायचे त्याने ठरवले. आधी मॅथ्यू ब्रेटिंगहॅम, मग जेम्स पेन असे दोन वास्तुविशारद कामाला लागले होते. अॅडमला सुरुवातीला फक्त बाग आणि तिच्यातली छोटी बांधकामे दिली गेली. म्हणजे पाहुण्याला आधी देवडीत बसवतात तसे त्यालाही बाहेरच बसवले होते. १७६० च्या वसंतात तो आत आला आणि सगळे घरच त्याच्या ताब्यात गेले.

देवडीतून आत गेल्यावरही घर लगेच समोर येत नाही. वाट हिरवळीतून वळत जाते, तीन कमानींच्या दगडी पुलावरून पाणी ओलांडते आणि मग चढावर उत्तर दर्शनी भाग उलगडतो. हे पाणी नैसर्गिक तळे वाटते, पण ते एका ओढ्याला बांध घालून केलेले आहे. घरापाशी पूर्वी केडलस्टन गाव होते. देखाव्याच्या आड येते म्हणून ते उचलून लांब नेले, सार्वजनिक रस्ताही वळवला. फक्त चर्च जागेवर राहिले, ते आजही घराला चिकटून उभे आहे. धरणासाठी गावे उठलेली आपल्या सातारा-पुण्याकडच्या माणसांना नवी नाहीत; इथे गाव उठले ते खिडकीतून मोकळे दिसावे म्हणून.

आता घराकडे. ज्यांना कोरिंथियन आणि डोरिक यांतला फरक सांगता येत नाही त्यांनी बिचकू नये. मुंबईच्या एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर जे कधी बसले आहेत त्यांना अर्धे व्याकरण आधीच माहीत आहे. तिथले जाडजूड, साधे माथे असलेले खांब डोरिक. केडलस्टनच्या दर्शनी भागावर सहा खांबांचा पोर्टिको आहे, त्यांचे माथे पानांच्या गुच्छासारखे कोरलेले. ते कोरिंथियन. तळमजला मुद्दाम खडबडीत आणि बुटका ठेवलेला, कारण तो कामाचा. मानाचा मजला वरचा, त्यावर बाहेरूनच जिन्याने चढायचे. आपल्या वाड्यात माणूस चौकातून आत-आत जातो. इथे त्याला वर-वर चढवतात.

दरवाजा उघडला की संगमरवरी म्हणवला जाणारा मोठा हॉल. त्यात अॅलाबास्टरचे वीस खांब आहेत, प्रत्येक सुमारे पंचवीस फूट उंच. हा दगड इटलीचा नाही. तो कर्झन घराण्याच्याच नॉटिंगहॅमशायरमधल्या खाणीतून आणलेला आहे. हिरवट-गुलाबी, शिरा असलेला, किंचित मांसल वाटणारा. खांब आधी गुळगुळीत होते, त्यांवरच्या उभ्या खाचा नंतर जागेवरच कोरल्या गेल्या. हॉलला नेहमीच्या उंचीवर खिडक्या नाहीत, उजेड छतातून येतो. अॅडमच्या डोळ्यांसमोर रोमन घराचे मधले अंगण होते. उन्हाळ्याच्या दुपारी तो उजेड वरून खाली झिरपताना पाहिला तेव्हा मला मात्र चौसोपी वाड्याचा चौक आठवला, वर काच घातलेला.

या हॉलच्या मागे गोल सलून आहे. बेचाळीस फूट व्यास आणि बासष्ट फूट उंचीचा घुमट, रोमच्या पँथिऑनची घरगुती आवृत्ती. या खोलीचा उपयोग काय, हा प्रश्न तिथे विचारू नये. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन १७७७ मध्ये बॉस्वेलला घेऊन इथे आले होते. हे घर नगरभवन म्हणून उत्तम शोभेल, खांबांच्या हॉलमध्ये न्यायाधीश बसवावेत, अशा आशयाचा टोमणा त्यांनी मारल्याचे बॉस्वेलने नोंदवले आहे. टोमणा खराच झोंबणारा, कारण घर राहण्यासाठी नव्हते. दाखवण्यासाठी होते. अगदी सुरुवातीपासून इथे बाहेरच्या प्रेक्षकांना आत घेत. मिसेस गार्नेट नावाच्या घरव्यवस्थापक बाई हातात छापील यादी घेऊन लोकांना चित्रे-पुतळे दाखवीत, आणि त्यांचे त्या यादीसकट काढलेले तैलचित्र आजही घरात आहे. कुटुंब राहायचे ते बाजूच्या एका पंखात.

हे पंख आपल्या गोष्टीत महत्त्वाचे आहेत. घराची मूळ कल्पना अशी होती की मधे मुख्य इमारत आणि चार कोपऱ्यांना चार उपइमारती, त्या चंद्रकोरीसारख्या वळणाऱ्या वाटांनी मधल्या इमारतीला जोडलेल्या. सोळाव्या शतकातल्या पल्लादिओ या इटालियन वास्तुविशारदाच्या एका आराखड्यावरून ती घेतली होती. उत्तरेकडचे दोन पंख झाले, एक कुटुंबासाठी आणि एक स्वयंपाकघरासाठी. दक्षिणेकडचे दोन कधीच झाले नाहीत. खर्च हाताबाहेर गेला आणि हौसही ओसरली. दक्षिणेच्या बाजूला अॅडमने रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवरून घेतलेला अप्रतिम दर्शनी भाग आहे, पण त्याच्या दोन्ही अंगांना नुसती हिरवळ. तिथे उभे राहिले की हे जाणवतेच: हे घर अर्धवट राहिले आहे.

ते पूर्ण झाले कोलकात्यात.

१७९८ मध्ये रिचर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला. कंपनीच्या तिथल्या निवासात राहणे त्याला कमीपणाचे वाटले. त्याने १७९९ मध्ये नवे गव्हर्नमेंट हाउस बांधायला काढले. आराखडा चार्ल्स वायट या लष्करी अभियंत्याचा. त्याचा काका सॅम्युअल वायट केडलस्टनच्या बांधकामावर देखरेखीला होता, त्यामुळे केडलस्टनचे नकाशे त्या घराण्यात अगदी पाठ असणार. कोलकात्यात मधली इमारत झाली आणि चारही पंख झाले. बंगालच्या उकाड्यात ही रचना डर्बीशायरपेक्षा जास्त शहाणपणाची ठरली. पंख सुटे असल्याने वारा कोणत्याही दिशेने आला तरी खोल्यांना मिळतो. बंगालात दगड नाही, म्हणून सगळे काम विटांचे आणि वर चुन्याचा गिलावा. लांबून मात्र दगडासारखेच दिसते. आणि केडलस्टनमध्ये जो खर्च एका जमीनदाराला झेपला नाही, तो इथे कंपनीच्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या शेतसाऱ्यातून झाला. लंडनमधल्या संचालकांना याची पूर्ण कल्पनाच दिली गेली नव्हती. बिले पुढे आली तेव्हा ते फार संतापले, आणि १८०५ मध्ये वेलस्लीला परत बोलावण्यामागे त्याच्या अशा उधळेपणाचाही वाटा होता.

आता तारखा जुळवून पाहू. हे घर १८०३ मध्ये पूर्ण झाले. त्या वर्षीच्या जानेवारीत युरोपातल्या तहाप्रीत्यर्थ तिथे मोठा समारंभ झाला. रोषणाई, नाच, शेकडो पाहुणे. त्याच्या काही आठवडे आधी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली होती. पेशव्यांच्या दारात इंग्रजी पलटण ठेवायची, तिचा खर्च द्यायचा आणि परराष्ट्रव्यवहार इंग्रजांच्या संमतीने करायचा, असा तो तह. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला पडला, २३ सप्टेंबरला असईची लढाई, नोव्हेंबरअखेर आडगाव, डिसेंबरात गाविलगड. सेनापती होता आर्थर वेलस्ली, गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ, पुढे वॉटर्लूमुळे जगप्रसिद्ध झालेला. शाळेत आपण हे सगळे घोकले आहे. पण ज्या टेबलावरून हे हुकूम सुटत होते ते टेबल डर्बीशायरच्या एका घराच्या विटा-चुन्यातल्या प्रतिकृतीत होते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

गोष्ट इथे संपली असती, पण योगायोगाला अजून एक फेरी मारायची होती. १८५९ मध्ये केडलस्टनला जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन जन्मला. लहानपणापासून त्याला माहीत होते की आपल्या घराचे एक भावंड कोलकात्यात आहे. त्या सारखेपणामुळेच व्हाइसरॉय होण्याची इच्छा प्रथम मनात आली, असे त्याने पुढे सांगितले. १८९९ मध्ये ती पुरी झाली. वडिलोपार्जित घराच्या प्रतिकृतीत राहायला जाणारा दुसरा राज्यकर्ता मला तरी माहीत नाही. तिथे त्याने वीज आणली, लिफ्ट बसवली, आणि स्वयंपाकघर वाड्याबाहेर असल्याने जेवण पानात येईपर्यंत निवते अशी तक्रारही केली. घरी केडलस्टनला स्वयंपाकघर निदान एका पंखात तरी होते.

कर्झनबद्दल एका वाक्यात मत देणे कठीण आहे. १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा त्याचा. ताजमहालाच्या आणि इतर कितीतरी पडक्या इमारतींच्या दुरुस्त्या त्याने स्वतः लक्ष घालून करवल्या. दगड त्याला कळत होता. माणसे कळत नव्हती, किंवा कळून घ्यायची नव्हती. १९०५ मध्ये त्याने बंगालची फाळणी केली आणि देशभर आग लागली. महाराष्ट्रात टिळकांनी बहिष्कार आणि स्वदेशीची बाजू उचलून धरली. त्यांचे ‘केसरी’तले सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी ‘कीचकवध’ लिहिले. ते १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, विराटाच्या घरी सैरंध्रीचा छळ करणाऱ्या कीचकाची. पण थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते की सैरंध्री म्हणजे भारतमाता, सबुरीचा सल्ला देणारा धर्मराज म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल आणि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन. सरकारलाही ते कळायला फार वेळ लागला नाही. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

तर असा हा कीचकाचा वाडा. तळमजल्यावर त्याने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे: हस्तिदंत, चांदी, शस्त्रे, मानपत्रांच्या पेट्या. काही भेट मिळालेल्या, काही विकत घेतलेल्या. त्यातच त्याची अमेरिकन पत्नी मेरी हिचा मोरपिसांचा झगा आहे, १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी लाल किल्ल्यातल्या नृत्यसमारंभात तिने घातलेला. पॅरिसच्या वर्थ या प्रसिद्ध शिवणघराने तो शिवला, पण कापडावरचे सारे जरीकाम दिल्लीच्या कारागिरांचे. मोरपिसाच्या प्रत्येक डोळ्यात भुंग्याच्या पंखाचा हिरवा चकचकीत तुकडा बसवलेला आहे. दिव्याखाली तो अजूनही लखलखतो. आपल्याकडच्या ज्या बायकांनी पैठणीच्या पदरावरचा मोर निरखून पाहिला आहे, त्या या काचेपाशी इतरांपेक्षा जास्त वेळ थांबतील. मेरी १९०६ मध्ये ऐन तारुण्यात गेली. चर्चमध्ये कर्झनने तिच्यासाठी बांधलेली कबर आहे, आणि ती पाहताना त्याचा राग थोडा वेळ बाजूला राहतो.

१९८७ पासून हे घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रस्टने आपल्या ताब्यातल्या वास्तूंचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध दाखवणारा अहवाल काढला. त्यात ९३ ठिकाणे होती, केडलस्टनही होते. वर्तमानपत्रांत बराच गदारोळ झाला. तेव्हापासून आपली इथे वाढलेली मुले अशा कोणत्याही घरात गेली की एकच प्रश्न विचारतात: हे सगळे आपल्याच पैशातून बांधले ना?

प्रश्न योग्य आहे, पण उत्तर घरागणिक वेगळे आहे, आणि ते नेमके दिले नाही तर मुलांचा आपल्यावरचा विश्वास उडतो. बर्कशायरमधले बॅसिल्डन पार्क घ्या. अशीच देखणी अभिजात वास्तू. ते सर फ्रान्सिस साइक्सने १७७६ पासून बांधवले, आणि त्याचा पैसा कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये कमावलेला होता. तिथे उत्तर ‘हो’ असे आहे. केडलस्टनचे तसे नाही. ते उभे राहिले तेव्हा कर्झनांचा पैसा शतकानुशतकांच्या इंग्लिश जमिनींचा होता. खंड भरणारी, घरे हलवावी लागलेली माणसे डर्बीशायरची होती. इथून भारतात पैसा नव्हे, नकाशा गेला. त्या नकाशाच्या दक्षिणेकडच्या पंखांचे पैसे मात्र आपण भरले. या दोन वाक्यांतला फरक दहा-बारा वर्षांच्या मुलाला नीट समजतो, अनुभव आहे. नकाशाची दोन चित्रे शेजारी ठेवा, एक दोन पंखांचे आणि एक चार पंखांचे. बाकीचे ती स्वतःच विचारतात.

कोलकात्याचे घर आज पश्चिम बंगालच्या राज्यपालांचे निवासस्थान आहे. त्याच्या देवड्या सांगायच्या राहिल्या. त्या केडलस्टनवरून घेतलेल्या नाहीत. वेलस्लीला साधा त्रिकोणी माथा पुरेसा वाटला नसावा. तिथल्या भव्य कमानींवर सिंह उभे आहेत. हे दरवाजे अॅडमच्याच दुसऱ्या एका कामावरून घेतले असे मानले जाते: पश्चिम लंडनमधल्या सायन हाउसची लायन गेट. हाउन्स्लो-आइल्सवर्थ भागात आपली कितीतरी कुटुंबे राहतात. ब्रेंटफर्डकडून लंडन रोडने घरी जाताना डाव्या हाताला ती लागते. खांबांची नाजूक रांग, दोन टोकांना दोन छोट्या देवड्या, मधे कमान आणि तिच्यावर शेपूट सरळ ताणून उभा असलेला एक सिंह. बसच्या वरच्या मजल्यावरून तो जास्त चांगला दिसतो.